टेबलावरचं जातं

चहा घ्या, बिस्किटं घ्या आणि कान जरा इकडं करा. ही फजिती मी माझ्याच तोंडानं सांगतेय, कारण मी नाही सांगितली तर आमची शोभा सांगणार. आणि शोभा सांगायला लागली की राईचा पर्वत होतो. माझी फजिती तर मुळातच पर्वताएवढी होती, तिनं हात लावल्यावर काय व्हायचं?

तर आधी मी कोण ते ऐका. शहरात, आमच्या गारखेड्यात कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, "पीटीच्या बाई कुठं राहतात?" तो दारात आणून सोडेल. उभी नोकरी शाळेच्या मैदानावर गेली माझी. गळ्यात शिट्टी, पाठ सरळ, आणि आवाज असा की मी 'सावधान!' म्हटलं की पोरं तर थांबायचीच, कुंपणाबाहेरचा भाजीवालासुद्धा हातगाडी सोडून ताठ उभा राहायचा. खोटं वाटतं? थोडं खोटं आहे. पण थोडंच!

आणि माझा खरा दागिना कोणता, तर माझी पाठ. कुणी 'पाठ दुखते' म्हटलं की माझं उत्तर तयार, "दुखणारच! वाकता येतं का तुम्हाला नीट?" शोभाला तर मी हे इतक्या वेळा ऐकवलंय की मी घरात पाऊल टाकलं की ती आपोआप सरळ उभी राहायची. शोभा म्हणजे माझी धाकटी जाऊ. माहेर सिल्लोडचं, हात कामाला पक्का, जीभ मिरचीची.

अशा बाईची पाठ जावी कशी? स्पर्धेत? डोंगर चढताना? छे हो! शेजारच्या वहिनींना गॅसचा सिलिंडर 'शास्त्रशुद्ध' कसा उचलायचा ते दाखवताना!

"बघा वहिनी, पाठ सरळ ठेवायची, जोर मांड्यांवर घ्यायचा, आणि..."

आणि पाठीत कट्ट वाजलं. सिलिंडर जागेवर, मी जागेवर. वहिनी आपल्या भक्तिभावानं विचारतात, "हां, मग पुढं?"

पुढं काय! पुढं ऑपरेशन.

मणक्यातली गादी सरकून नसेवर बसली होती म्हणे. ती काढली. डॉक्टर म्हणाले, "झकास झालंय ऑपरेशन. पण बाई, टाके भरले म्हणजे पाठ भरली असं नाही. वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. दुखणं हळूहळू जाईल."

"हळूहळू म्हणजे?"

"म्हणजे हळूहळू."

काय माणूस आहे! मी आयुष्यभर पोरांना 'जोरात पळा' शिकवलं, आणि हा मला 'हळूहळू' शिकवतोय.

पण त्याचं खरं निघालं हो. कुशीवर वळायचं तर आधी मनाची तयारी, मग गुडघे, मग खांदे, आणि मग सगळं अंग एकदम, ज्वारीचं पोतं लोटावं तसं. शिंक यायला लागली की नाक दाबून देवाचा धावा. डाव्या पोटरीपासून अंगठ्यापर्यंत मुंग्यांची वरात. एखाद्या सकाळी बरं वाटायचं, मी खुशीत चार कामं करायचे, आणि संध्याकाळी पाठ हात वर करायची, 'हजर, बाई!' महिने गेले तरी तेच. लोकांची दुखणी पाहुण्यासारखी येतात आणि जातात. माझं दुखणं घरजावई होऊन बसलं होतं.

त्यात तो कमरेचा पट्टा! आत पोलादी पट्ट्या, आणि बाहेरून ती चिकटणारी पट्टी असते ना, दाबली की चिकटते, ओढली की सुटते, तसली. सुटताना आवाज काय करते! चर्रर्र! नवी कोरी साडी उभी फाडावी तसा. आमचे हे रोज सकाळी त्या आवाजानं दचकून चहा सांडायचे.

व्यायाम शिकवायला नाझनीन यायची. माझीच विद्यार्थिनी. शाळेत असताना मी तिला मैदानाला चकरा मारायला लावायचे, आता ती मला बसायला-उठायला शिकवत होती. मी जरा घाई केली की म्हणायची, "बाई, इत्ती जल्दी कायकू? हौले हौले." जमिनीवर उतरायची वेळ आलीच तर कसं उतरायचं, तेही तिनं दाखवलं होतं. एक गुडघा, मग दुसरा, पाठ सरळ. आणि उठताना शेजारी भक्कम खुर्ची हवीच. "खुर्ची नसेल तर उतरू नका बाई," हे तिनं चारदा बजावलं होतं. लक्षात ठेवा हं ही खुर्ची.

आता प्रश्न असा, की गावाकडं भावकीला काय सांगायचं? मी? पीटीच्या बाई? पाठीचं ऑपरेशन? शोभाला कळलं असतं तर तिनं करमाडच्या आठवडी बाजारात दवंडी पिटली असती! मी ह्यांना बजावलं, "गावात चकार शब्द काढायचा नाही. मी पुण्याला लेकीकडं गेलेय, एवढंच सांगायचं."

हे म्हणाले, "अगं, पण आत्याबाईंनी विचारलं तर?"

"आत्याबाईंना तर मुळीच नाही!"

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आत्या, पैठणच्या. पोलिस ॲक्शनच्या सालचा त्यांचा जन्म. वय विचारलं की सांगतात, "रझाकार गेले अन् म्या आले." आमच्या भावकीत लग्न कुणाचंही असो, हळदीच्या जात्याचा पहिला मान त्यांचा. आहे ना ठाऊक पद्धत? जात्याला हळकुंड-सुपारीची पिवळी पुरचुंडी बांधतात, पाच सवाष्णी जमतात, आणि मानाची बाई खुंटा धरून पहिला फेरा फिरवते. त्या हळदीनं नवरदेव पिवळा होतो.

आणि नेमका त्याच वर्षी आत्याबाईंचा निरोप आला. थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचं, आमच्या पुतण्याचं, लग्न ठरलं होतं. "आता माझ्यानं खुंटा ओढवत नाय," त्या म्हणाल्या, "औंदा मान एका सुनंला देणार."

थोरल्या जाऊबाई तर वरमाई, त्या यातून बाद. राहिल्या कोण? मी आणि शोभा!

खरं सांगू? मला तो मान हवा होता. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ओसरीवरच्या बायका म्हणाल्या होत्या, "शिट्टी वाजवणारी सून आणलीय बाई, हिला खुंटा कुठला धरता येतो?" हसत म्हणाल्या होत्या, पण मला ते लागलं होतं. नोकरी केली, पोरं पळवली, ढाली जिंकल्या, पण गावच्या घरात मी पाहुणीच राहिले. त्या जात्यापाशी एकदा बसायचं होतं मला. हेडबाईंच्या खुर्चीसाठीसुद्धा मी एवढी झुरले नव्हते.

निघायच्या दिवशी हे म्हणाले, "गाडी सांगतो भाड्यानं, मागच्या सीटवर आडवी हो."

"कशाला? आजारी आहे का मी? एसटीनं जाऊ!"

पट्टा करकचून बांधला, वरून जरीची साडी नेसले आणि एसटीत चढले. जागा होती. पण बसल्यावर गचका बसला की पाठीतून कळ थेट टाळूत जायची. म्हणून मी दांडी धरून उभी राहिले.

कंडक्टर म्हणाला, "बाई, शीट रिकामं हाय की, बसा."

"नको. मी उभीच बरी."

तेवढ्यात पुढच्या सीटवरचा एक मिशीवाला गडी वळून पाहतो तो काय, ताडकन उभा! "बाई, तुम्ही? वळखलं का? मी गणेश. लंगडीच्या टीममधला!" माझाच विद्यार्थी, आता आमच्याच गावात शेती करणारा.

"बस रे बाबा."

"असं कसं? बाई उभ्या अन् म्या बसू?" आणि तो नुसता उभा राहिला नाही, शेजाऱ्यालाही म्हणाला, "ऊठ की! शाळेच्या बाई उभ्या हायेत." शेजारी उठला. त्याला पाहून मागचे दोघं उठले. एक म्हातारबाबाही उठायला लागले, त्यांना कुणी तरी खाली दाबलं. शेंद्रा येईस्तोवर अर्धी एसटी उभी, आणि सीटा रिकाम्या! कंडक्टर कपाळाला हात लावून म्हणतो, "चाललंय काय गाडीत? झेंडावंदन हाय का?"

मला काय वाटलं असेल? शरम? छे! छाती अशी फुगली की पट्टा कुरकुरायला लागला.

गावात पोचलो. मांडव पडला होता, ओसरीत सगळी वडीलधारी मंडळी ओळीनं बसली होती, आणि मधोमध बाजेवर आत्याबाई. आता आमच्या घरातली रीत अशी की आल्या आल्या सुनेनं वाकायचं. एकापुढं नाही, अख्ख्या ओळीपुढं! पायावर डोकं टेकवायचं, उठायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा वाकायचं. आमच्या शाळेतल्या बैठका बऱ्या, त्यात मधे विश्राम तरी असायचा.

मी आत्याबाईंपुढं उभी राहिले. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आणि मी हात जोडून, ताठ, म्हणाले, "नमस्कार, आत्याबाई."



कोपऱ्यातून शोभा बोललीच, "शहरातल्या पद्धती येगळ्या असत्यात बाई. तिकडं जमीन लई खोल असल."

आता या क्षणी शहाण्या बाईनं काय केलं असतं? 'पाठीचं ऑपरेशन झालंय हो' म्हणून मोकळी झाली असती. पण मी? मी म्हणाले, "मी आता कुणापुढं वाकत नाही. नमस्कार मनातून यावा लागतो. पोरींना मी हेच शिकवते, सरळ उभं राहायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा आणि हात जोडायचे."

हे कुठून आलं, मलाच ठाऊक नाही. पण आवाज असा खणखणीत लागला की मलाच पटलं.

आत्याबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "बरं." एवढंच.

पण खरी गंमत पुढं. माझ्यामागून थोरल्या जाऊबाईंची लेक आली, तिनंही उभ्यानंच हात जोडले. मग दुसरी पोर. मग नव्या दोन सुना. एक म्हणाली, "काकू वाकत नाहीत, मग आम्ही तरी कामून वाकायचं?" दुपारपर्यंत अख्ख्या लग्नघरात एकही कंबर वाकेना! जो तो उभ्यानं हात जोडतोय. म्हातारे बिचारे पाय पुढं करून वाट पाहताहेत आणि पायावर माशीसुद्धा बसत नाही.

मी तर पुढारीच झाले हो! हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, आवर हे सगळं, सांगून टाक."

"काय सांगू? समाज बदलतोय, आणि तुम्हाला माझ्या कमरेचं पडलंय!"

संध्याकाळी पोरी भोवती जमल्या तेव्हा मी चक्क भाषण ठोकलं. बाईनं ताठ का राहावं, कणा म्हणजे काय, इथपासून सुरुवात केली. पोरी इतक्या मन लावून ऐकत होत्या की एकमेकींकडं पाहून मधेच तोंडाला पदर लावत होत्या. मला वाटलं, गहिवरल्या.

आणि माझा मान काय सांगू! जेवायला सगळ्यांची पंगत खाली, मला मात्र टेबल-खुर्ची. झोपायला सगळ्या बाया सतरंजीवर, माझं अंथरूण लाकडी पलंगावर, वर कडक गादी. सकाळी उठायच्या आत शेकायला गरम पाण्याची पिशवी उशाशी. मी ह्यांना म्हटलं, "बघा! एकदा ठामपणे बोललं की लोक कशी किंमत देतात."

हे नुसते खोकले.

हळदीच्या सकाळी आत्याबाईंनी सगळ्या बायांना मांडवात बोलावलं. काल एवढी त्यांच्यापुढं ताठ उभी राहिले, आता मान शोभालाच जाणार, हे मी धरूनच चालले होते. रात्री त्या विचारानं पाठीपेक्षा जास्त काही तरी दुखत होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "खुंटा मंगल धरंल."

मंगल म्हणजे मी!

अहो, काय वाटलं म्हणून सांगू! डोळे भरून आले. 'शिट्टीवाली' म्हणणाऱ्या त्या जुन्या बायांपैकी दोघी तिथंच बसल्या होत्या. त्यांच्याकडं मी असं पाहिलं, असं पाहिलं, की त्यांनी पान लावायलाच घेतलं.

मी तोऱ्यात पुढं झाले. आणि पाहते तो काय? जातं टेबलावर! आचाऱ्याचं भाजी चिरायचं भक्कम टेबल, त्यावर पिवळं कापड, त्यावर जातं, आणि शेजारी उंच खुर्ची.

शोभा म्हणाली, "बघा ताई, आता कसं सोयीचं!"

सोयीचं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे शहरातल्या बाईला खाली बसून दळता येणार नाही, असंच ना? एवढ्या वर्षांनी मान मिळाला आणि तो असा अर्धामुर्धा, टेबलावर वाढलेला?

"कुणाची सोय? जातं खालीच हवं!"

आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. टेबलावरबी हळदच निघती."

"नाही आत्याबाई. तुम्ही इतकी वर्षं जमिनीवर बसून दळलंत. रीत म्हणजे रीत!"

"अवं ताई, पण ऐका तर..." शोभा पुढं आली.

"उचला!"

आता तुम्हाला माझा तो आवाज ठाऊक नाही. गणेश मांडवाला तोरण बांधत होता. त्यानं तोरण टाकलं आणि धावत येऊन आणखी तिघांबरोबर जातं उचलून खाली ठेवलं. आचारी टेबल घेऊन पळाला. लांब पुरुषांच्या घोळक्यात आमचे हे दोन्ही हात हलवत होते, क्रांती चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखे. मी लक्षच दिलं नाही. उलट म्हणाले, "ती खुर्चीसुद्धा न्या!"

गेली खुर्ची. सांगितलं होतं ना, लक्षात ठेवा म्हणून?

पाट मांडला. एक गुडघा, मग दुसरा, पाठ सरळ. नाझनीनचं नाव घेत घेत मी पाटावर टेकले आणि मांडी घातली. जमलं! समोर शोभा बसली, दोघींनी खुंटा धरला, बायांनी ओव्या धरल्या. पहिला फेरा फिरला. घरघर घरघर! हळदीचा वास सुटला. मी मान वर करून सगळ्यांकडं पाहिलं. त्या घडीला मला कुणी राज्य देऊ केलं असतं, तरी मी म्हटलं असतं, थांबा जरा, दळण चाललंय.

हळद झाली. बाया म्हणाल्या, "उठा आता, मंगलकाकू."

मी उठायला गेले. आणि पाठ म्हणाली, 'हजर, बाई!'

कंबरेत असा आकडा लागला की पुढं नाही, मागं नाही. डाव्या पायाचा पत्ता नाही. डोळ्यापुढं पिवळं, ते हळदीचं की कळेचं, ते कळेना. शेजारी खुर्ची? ती मीच हाकललेली.

मी हसून म्हणाले, "अजून जरा बारीक व्हायला हवी. नवरदेवाची कातडी नाजूक आहे."

पुन्हा दळली. हात चालत होते ना, कंबर तेवढी गेली होती. शोभा म्हणाली, "ताई, झाली की पिठी."

"अजून."

तिसऱ्यांदा दळली. "ताई, आता काय हवेत उडवायची का?"

"गहू आणा! पाच मुठी गहू दळणं शुभ असतं."

कोण म्हणालं होतं असं? कुणीच नाही! गहू आले. गहू झाले. मग मी उडीद मागवले. मग हरभऱ्याची डाळ. बायांच्या ओव्या संपल्या, त्यांनी पहिल्यापासून पुन्हा धरल्या. शोभाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ती कळवळून म्हणाली, "ताई, माझा खांदा निखळला! वऱ्हाडाचं सगळं पीठ आज आपणच काढायचं हाय का?"

बाया आपसात कुजबुजल्या, "काय बाई भक्ती! उठंचनात."

शेवटी आत्याबाई बाजेवरून उतरल्या. माझ्याजवळ आल्या आणि त्या वयात सहज, कमरेत वाकून, माझ्या कानाशी आल्या. "मंगल, उठता येईना व्हय?"

मी खुंटा सोडला. "नाही."

"दुखतंय?"

"लई दुखतंय, आत्याबाई."

ऑपरेशन झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा कुणापुढं उच्चारलं. बोलले आणि टपटप रडायलाच लागले. जात्यावर बसून, हळदीच्या हातांनी डोळे पुसत! तोंडाचं काय झालं असेल, तुम्हीच समजा.

आत्याबाई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "येडे, मला ठाऊक नाय व्हय? ज्या दिशी तुला आत नेलं, त्याच दिशी भान्यानं फोन केला. रडत हुतं पोरगं. तू बरी व्हस्तोवर म्या नाथांच्या देवळात दिवा लावत हुते."

भान्या म्हणजे आमचे हे! मी मान वळवून त्यांना शोधायला लागले, तर तेवढंही वळता येईना.

"म्हंजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं? मग काल मी वाकले नाही तेव्हा..."

"तवा काय! तू एकलीच उभी ऱ्हायली असतीस तर वशाळली असतीस. म्हून तू यायच्या आधीच पोरींना सांगून ठिवलं, औंदा कुणीबी वाकायचं नाय."

काय? म्हणजे माझी ती चळवळ? ते भाषण? तो कणा? मी पोरींकडं पाहिलं. सगळ्यांच्या तोंडाला पदर! गहिवर नव्हता हो तो, हसू दाबत होत्या कार्ट्या!

"अन् जातं टेबलावर कुणापायी चढवलं हुतं?" आत्याबाई म्हणाल्या. "पावन्यांच्या नाष्ट्यापायी?"

मी शोभाकडं पाहिलं. "तुलाही ठाऊक होतं? मग काल तो टोमणा कशाला मारलास गं?"

शोभा खांदा चोळत म्हणाली, "तर वो! म्या रोज मारते. एका दिशी न्हाई मारला असता, तर तुम्हाला संशय नसता आला व्हय?"

कालपासून मी ज्याला माझा दरारा समजत होते, ती सगळ्यांची माया निघाली. ती खुर्ची, तो पलंग, ती गरम पाण्याची पिशवी, सगळंच. बायांनो, मी खाली बसले होते ना, पण त्या क्षणी मला या घराचा असा अभिमान वाटला की बसल्या जागी उंच झाले.

बरं, अभिमानानं माणूस उठतो का? ह्यांनी नाझनीनला फोन लावला. ती तिकडून ओरडली, "हलवू नका बाईंना! जैसे बैठे वैसेच उचलो!"

मग आचाऱ्याकडून तेच टेबल परत आलं. गणेश आणि तिघा पुतण्यांनी पाटाची चार टोकं धरली, मला मांडी घातलेली तशीच अलगद उचलून टेबलावर ठेवली आणि टेबलासकट घराकडं निघाले. मी वर, तोंड पिवळं, हात पिवळे, जरीची साडी. मांडवाच्या दारात बँडवाले नुकतेच येऊन चहा पीत बसले होते. त्यांनी हे पाहिलं. त्यांना वाटलं, असंल इकडची पद्धत! कप ठेवले आणि धडाधड वाजवायला सुरुवात केली.

गाव गोळा झालं. नवरदेव ओसरीत पाटावर बसून हळदीची वाट पाहतोय, आणि त्याच्याआधी काकूची वरात निघालेली! त्यात गणेशला काय हुक्की आली, टेबलाचा पाय एका हातानं धरूनच तो ओरडला, "सावधान!"

आणि सांगते, खोटं नाही यात, अंगणातली सगळी माणसं ताठ उभी राहिली. आत्याबाईसुद्धा. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी पीटीच्या बाईनं काय करायचं? मी टेबलावरून सलामी दिली. फोटोवाल्यानं तोच फोटो काढला. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या आधी मी आहे.

नंतर डॉक्टर ओरडले, नाझनीन ओरडली, आणि माझं 'हळूहळू' पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अजूनही थंडीत पाठ बोलते, अजूनही एसटीत मी उभीच असते. पण आता कुणी विचारलं तर 'दुखतंय' म्हणून मोकळी होते. म्हणजे, बहुतेक वेळा.

जातं मात्र त्या दिवसापासून टेबलावर चढलं ते चढलंच. भावकीत कुठंही लग्न असो, आत्याबाई दटावून सांगतात, "जातं टेबलावर, अन् खुंटा मंगलचा." यंदाच्या लग्नात मी अशी दिमाखात खुर्चीवर बसलेली, समोर शोभा, भोवती बाया. त्या पुतण्याची बायको, आमची नवी सून, गोड पोर, तिनं विचारलं, "काकू, माझ्या माहेरी जातं खाली मांडतात. आपल्याकडं टेबलावर का हो?"

आता सांगायचं ना खरं! सगळ्या बाया माझ्याकडं पाहायला लागल्या. पण ती नवी सून, तिच्या डोळ्यांत तो आदर, आणि माझा स्वभाव...

मी पाठ सरळ केली. छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "त्याचं असं आहे बाळ, आपल्या घराण्याची रीतच आहे. आपल्याकडं सुना कुणापुढंही..."

चर्रर्र!

पोर घाबरून उठली. "अगं बाई! काकू, तुमचं काही तरी फाटलं!"

शोभानं खुंट्यावरचा हात काढला नाही, मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "काय नाय गं, ताईंची रीत सुटली. जा, मागून जरा आवळून बांध."